'द ग्रेप्स ऑफ रॉथ' मोकळ्या रॅकवर परत ठेवा : आमच्या ग्रंथालयाच्या समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या सूचनाफलकावर समितीच्या सहीचा एक कागद लागला. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीवर चाललेल्या आमच्या वाचन बैठका 'पुढील निर्णय होईपर्यंत' स्थगित. कादंबरीच्या प्रती, मराठी अनुवाद आणि मूळ इंग्रजी दोन्ही, दर्शनी रॅकवरून काढून कार्यालयातल्या कपाटात. वाचकांनी अभिप्राय लिहिलेली वही समितीच्या ताब्यात. कारण एवढेच दिले होते: 'सभासदांच्या तक्रारींवरून'. कोणाच्या, कसल्या, कधी केलेल्या, याचा पत्ता नाही. मी ग्रंथपालांना विचारले, त्यांनी समितीला विचारा म्हटले. समितीतल्या एका सदस्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, आपुलकीने बोलले आणि तीन कारणे तोंडी सांगितली: पुस्तक माणसाला खचवते, शेवट अश्लील आहे, आणि बैठकांत मायनिंगचे राजकारण शिरले. हेच लिहून द्या म्हटले तेव्हा मात्र विषय बदलला.

म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहिते आहे. ग्रंथालयाचे आणि गावाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. समितीतली माणसे माझ्या रोजच्या ओळखीतली आहेत. त्यांची बदनामी करावी असे माझ्या मनात नाही. निर्णय मागे घेतला जावा, एवढेच आहे.

हे पुस्तक मला इतके का लागले, ते आधी सांगते. मी गोव्यातल्या डिचोली या खाणींच्या तालुक्यातली. एका पतसंस्थेत कर्जवसुलीच्या टेबलावर नोकरी करते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन आणि वाहतूक दोन्ही बंद केली. आमच्या वाड्यावाड्यांत खनिज वाहणारे टिपर ट्रक नुसते उभे राहिले आणि त्यांतले बहुतेक कर्जावर घेतलेले होते. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प झाले. खाणींनी आमच्या शेतांचे आणि विहिरींचे काय केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे न्यायालयाला मी दोष देणार नाही. मला बोलायचे आहे ते माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीबद्दल. त्या खुर्चीत माझ्याबरोबर शाळेत शिकलेले येऊन बसले, सोयरे येऊन बसले, एकदा माझा थोरला भाऊ जामीनदाराला सोबत घेऊन बसला. प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा: मग मी भेटू कोणाला? मी म्हणायचे, मॅनेजरना भेटा. मॅनेजर म्हणायचे, संचालक मंडळाचा ठराव आहे. मंडळ म्हणायचे, वरचे नियम आहेत.

ही कादंबरी आहे ओक्लाहोमातली जमीन सुटल्यावर कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड कुटुंबाची. तिचे पाचवे प्रकरण उघडून पाहा. जमीनमालकांची माणसे मोटारीतून येतात. काही जण खालीही उतरत नाहीत, काचेतूनच बोलतात. कुळे धुळीत उकिडवी बसून काडीने रेघोट्या मारत ऐकतात. जमीन सोडा, म्हणतात, आता एक ट्रॅक्टर बारा-चौदा कुटुंबांचे काम करतो. मग ट्रॅक्टर येतो. तो चालवणारा शेजाऱ्याचाच मुलगा निघतो, दिवसाला तीन डॉलरवर. कूळ म्हणते, घराला हात लावलास तर गोळी घालीन. तो सांगतो, मला मारून काय होणार, उद्या दुसरा येईल. मग हुकूम देणाऱ्याला मारतो. त्याला बँकेने हुकूम दिलाय. मग बँकेच्या अध्यक्षाला. त्याला पूर्वेकडून हुकूम येतो. शेवटी तो माणूस विचारतो, ही साखळी संपते कुठे, बंदूक रोखायची तरी कोणावर?

हे प्रकरण बैठकीत मी वाचून दाखवले. समोर आमच्याच संस्थेचे दोन थकबाकीदार बसले होते. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी वहीत लिहिले की ट्रॅक्टरवाल्या पोराचा त्याला राग येत नाही, त्यालाही घरी पोरे पोसायची आहेत. पण त्याने गॉगल काढून एकदा नीट पाहायला हवे होते. स्टाइनबेकने त्या पोराच्या डोळ्यांवर धुळीचा चष्मा दिला आहे, त्यावरून हे. तो अभिप्राय कोणाला उद्देशून आहे हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. इतक्या वर्षांत आम्हा दोघांमध्ये जे बोलणे होऊ शकले नाही ते त्या चार ओळींत झाले. ते पान आज आपल्या कपाटात आहे.

वही आपण चाळली असेल असे मी धरून चालते. तरी त्यात काय आहे ते इतरांना कळावे म्हणून सांगते. लांबट, जाड पुठ्ठ्याची, रोजमेळासाठी वापरतात तसली वही. ग्रंथपालांनी पट्टीने उभ्या रेघा मारून तीन रकाने केले होते: तारीख, सभासद क्रमांक, अभिप्राय. तिसरा रकाना पहिल्याच आठवड्यात अपुरा पडला. माणसे रेघ ओलांडून, पानाच्या मागे, समासात लिहू लागली. कोणी मराठीत, कोणी कोंकणीत, कोणी अर्धे हे अर्धे ते. शिसपेन्सिलीने लिहिणारे एक आजोबा आहेत, ते आमच्याकडच्या जुन्या मुंडकारांपैकी, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांपैकी. कादंबरीतला म्युली ग्रेव्हज, ज्याचे सगळे घरदार कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि जो आपल्याच शेतात चोरासारखा लपून राहतो, तो त्यांना इतका जवळचा वाटला की त्यांनी त्याच्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, भाटकाराच्या दारात घातलेल्या खेपा, निकालाची वाट पाहताना वारलेला भाऊ. आमच्या गावच्या जमिनीचा इतका सविस्तर इतिहास मी दुसरीकडे कुठे लिहिलेला पाहिलेला नाही. एका अमेरिकन कादंबरीने तो त्यांच्याकडून काढून घेतला.

एक बाई मूळच्या कुर्डीच्या. साळावली धरणात गाव बुडाला तेव्हा लहान होत्या. घरच्यांबरोबर वाळकिणीला वसाहतीत गेल्या, लग्न होऊन आमच्याकडे आल्या. मे महिन्यात धरणाचे पाणी ओसरले की कुर्डीची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, लोक जमतात, हे आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो, फोटो पाहतो. या बाईंनी लिहिले ते दहाव्या प्रकरणाबद्दल. घर सोडायच्या आदल्या रात्री मा जोड, कुटुंबातली आई, एकटी बसून आपली जुनी पेटी उघडते. पत्रे, कात्रणे, फोटो. काही जिनसा खिशात घालते आणि पेटी तशीच चुलीत सरकवते. कुर्डीच्या बाईंनी लिहिले की त्यांच्या आईने घराची कौले उतरवून नेली, दारे चौकटीसकट काढून नेली, पण भिंतीवर पेन्सिलीने मुलांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या त्या राहिल्या. पुढची ओळ अशी की दर मे महिन्यात लोक तिथे कॅमेरे घेऊन जातात आणि त्यांना अजून जावेसे वाटत नाही.

पुस्तक न आवडलेल्यांचेही अभिप्राय वहीत आहेत आणि ते मला तितकेच मोलाचे वाटतात. एका सरांनी लिहिले की लेखक फार उपदेश करतो. मधली प्रकरणे, ज्यांत जोड कुटुंब नाहीच, नुसते रस्ते, मोटारी, जुन्या गाड्या विकणारे दलाल आहेत, ती गाळली असती तरी चालले असते. भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी नकाशा काढून दाखवला की जोडांचे सॅलिसॉ हे ओक्लाहोमाच्या पूर्वेला, आणि धुळीच्या वादळांचा मुख्य टापू पश्चिमेला. तेव्हा या कुटुंबाला धुळीने उठवले म्हणण्यापेक्षा कापसाच्या शेतीतल्या कर्जाने आणि ट्रॅक्टरने उठवले म्हणणे खरे. ही टीका अमेरिकेतही पूर्वीपासून झालेली आहे. एका कॉलेजच्या मुलीला यातल्या बायका सतत भाकऱ्या भाजताना आणि पुरुष सतत निर्णय घेताना दिसले. पुढे पुढे सूत्रे मा जोडच्या हाती येतात असे दुसरीने उत्तर दिले. पहिलीने त्याखाली लिहिले: हाती आली, पण भाकऱ्या सुटल्या नाहीत. मला हा वाद अजून चालायला हवा होता.

सगळ्यांत कडाक्याचे भांडण झाले ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि माझा अंदाज आहे की आपल्याकडे तक्रार गेली ती त्यावरूनच.

जोड कुटुंब सहासष्ट नंबरच्या महामार्गाने कॅलिफोर्नियाला पोचेपर्यंत आम्ही सगळे त्यांच्या गाडीत बसलेलो होतो. आजोबा वाटेत जातात, आजी वाळवंट ओलांडताना जाते आणि मा जोड रात्रभर त्या देहाशेजारी पडून राहते, कोणाला सांगत नाही, कारण गाडी थांबली तर सगळेच अडकतील. तिथवर सगळ्यांचे एकमत. मग कॅलिफोर्नियाची माणसे दिसू लागतात. हे बाहेरचे घाणेरडे आहेत, रोगराई आणतात, चोऱ्या करतात, आपल्या पोरांच्या शाळा भरून टाकतात, मजुरी पाडतात. ही नुसती कादंबरीतली गोष्ट नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या हद्दीवर नाकी लावून गरीब दिसणाऱ्यांना परत पिटाळले होते. त्या बैठकीत एका तरुण मुलाने, जो पर्वरीला हॉटेलात कामाला आहे, सरळ विचारले की बाजारामागच्या भाड्याच्या खोल्यांत उत्तर कर्नाटकातून, झारखंडमधून आलेले लोक राहतात, एका खोलीत कितीतरी जण, एका नळावर. त्यांच्याविषयी आपण घरी जेवताना काय बोलतो? तेव्हा आपण या पुस्तकात कुठे असतो?

खोलीत एकदम आवाज चढले. एका गृहस्थांनी सांगितले की गोवा लहान आहे, आमची जमीन आणि आमची भाषा आम्ही सांभाळायची नाही तर कोणी? दुसऱ्यांनी सांगितले की आमची पोरे आखातात आणि लंडनला जाऊन कोणाच्या नळावर पाणी भरतात ते आधी बघा. दोन जुने मित्र त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या बैठकीला मात्र दोघेही आले. आपापला अभिप्राय लिहून आले. एकाने आपले म्हणणे जराही बदललेले नाही, पण शेवटी एक वाक्य आहे: त्या खोल्यांचे भाडे कोण घेतो, तेही विचारले पाहिजे. भाडे घेणाऱ्यांत आपल्या गावातले प्रतिष्ठित आहेत. याला राजकारण म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. पण मग आपल्या ग्रंथालयाने नुसत्या पाककृतीच ठेवाव्यात.

आता आपली तीन कारणे.

पुस्तक खचवते, हे पहिले. खचवते, यात वाद नाही. मलाही रात्री झोप आली नाही. पण आमच्या बैठकीला येणारी माणसे हातावर पोट असलेली, कर्जात बुडून वर आलेली, काही अजून बुडालेलीच आहेत. त्यांनी खचायचे ते केव्हाच खचून झाले आहे. त्यांना या पुस्तकात उलट अशा गोष्टी सापडल्या ज्या तक्रार करणाऱ्यांना दिसल्या नसाव्यात. चहाचे हॉटेल चालवणाऱ्या आमच्या सभासद बाईंना पंधरावे प्रकरण पाठ आहे. रस्त्याकडेच्या हॉटेलात एक गरीब बाप दहा सेंटची पावाची लादी मागतो. हॉटेलवाली आधी नाही म्हणते, मग पंधराचा पाव दहाला देते, आणि पोरे काचेतल्या गोळ्यांकडे बघतात तेव्हा पाच-पाच सेंटच्या गोळ्या पैशाला दोन सांगून देते. पोरे गेल्यावर कोपऱ्यातला ट्रकवाला म्हणतो, त्या गोळ्या पैशाला दोन नव्हत्या. आणि तोही जास्तीचे पैसे टेबलावर ठेवून जातो. आमच्या बाईंनी लिहिले की पोदेराकडून पाव घेताना आणि शाळेच्या पोरांना भाजी-पाव देताना हे असे त्या स्वतः कितीदा करतात आणि नवऱ्यापासून लपवतात. त्यांना वाटायचे आपल्याला धंदा कळत नाही. आता वाटते की जगात आणखी कोणीतरी असे करते. या बाई दहावी नापास आहेत. ही कादंबरी त्यांनी वाचलेली पहिली कादंबरी. ती अर्ध्यावर असताना आपण त्यांच्या हातून काढून घेतली.

दुसरे कारण, शेवट. पुढे पुस्तक वाचणार असाल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण मला त्याबद्दल बोलणे भाग आहे. पूर आलेला असतो, जोडांच्या मुलीचे, रोझ ऑफ शॅरनचे मूल मेलेले जन्मते, आणि एका गोठ्यात आसऱ्याला गेल्यावर तिथे उपाशी मरणारा एक अनोळखी माणूस असतो, ज्याने आपल्या वाट्याचे मुलाला दिलेले असते. ती त्याला आपले दूध पाजते. पुस्तक तिथे संपते. प्रकाशकांनाही हा शेवट खटकला होता. त्यांनी बदलायला सुचवले आणि स्टाइनबेकने ठाम नकार दिला. आपल्याही सभासदांना तो खटकला असेल तर त्यात गैर काही नाही. पण आमच्यातल्या एका निवृत्त परिचारिकेने, जिने आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात काढले, त्यावर लिहिले आहे की मूल गेलेल्या बाईच्या छातीत दूध दाटते तेव्हा काय होते हे ठाऊक असलेल्या कोणालाही ते पान वाचून दुसरे काही मनात येणार नाही. तिचा हा अभिप्राय एकीकडे आणि अश्लीलतेची तक्रार दुसरीकडे, अशा दोन्ही गोष्टी शेवटच्या बैठकीत समोरासमोर यायच्या होत्या. ती बैठकच आपण होऊ दिली नाही. पुस्तक शेवटपर्यंत वाचायच्या आधीच शेवटाचा निकाल लागला.

तिसऱ्या कारणाविषयी वर बोलले आहे. मायनिंगचे नाव निघाले, कारण ज्यांच्या अंगणात गंजलेला टिपर उभा आहे त्यांना जोडांच्या जुन्या हडसन गाडीबद्दल वाचताना दुसरे काय आठवणार? कुठल्याही पक्षाचा, उमेदवाराचा, आंदोलनाचा प्रचार तिथे झाला नाही. झाला असेल तर आपण दिवस सांगा, मी समोर येऊन उत्तर देईन.

आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पुस्तकावर असा हुकूम निघण्याची ही पहिली वेळ नाही. १४ एप्रिल १९३९ ला ते प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपले. २१ ऑगस्टला कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ठराव करून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि शाळांतून ते काढायला लावले. कर्न म्हणजे तोच भाग, जिथे कादंबरीतली सरकारी छावणी आहे, वीडपॅचची. कारणे ओळखीचीच होती, असभ्य आहे आणि आमच्या भागाची बदनामी करते. बेकर्सफिल्डला भर रस्त्यात प्रत जाळून फोटो काढला गेला. तिथल्या काउंटी ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी मंडळाला पत्र लिहिले की आज हे पुस्तक बंद केलेत तर उद्या कोणते आणि परवा कोणाच्या सांगण्यावरून कोणते? नोकरी त्याच मंडळाच्या हाताखालची होती, तरी लिहिले. जानेवारी १९४१ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात, १९४० मध्ये, या कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी स्वतः मजुरांच्या छावण्या पाहून सांगितले की पुस्तकात अतिशयोक्ती आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. लेखकाने हे हवेतून रचले नव्हते. त्याआधी १९३६ मध्ये त्याने 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'साठी या मजुरांवर लेखमाला लिहिली होती, छावण्यांचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांच्याबरोबर हिंडून. कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत टॉम आहे तो हाच.

आणि आपण तर गोव्यातली माणसे. पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मंजुरी लागायची, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला सांगितले आहे. १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय असलेली ही भूमी आहे. पणजीच्या पाटोवर त्याची आजची इमारत कृष्णदास शामांच्या नावाने उभी आहे. खेड्यापाड्यांतली मराठी वाचनालये तर लोकांनी देवळांच्या अग्रशाळांतून, वर्गणी काढून, सरकारी माणसाची नजर चुकवून चालवली. आपल्या ग्रंथालयाच्या संस्थापकांचे फोटो भिंतीवर आहेत. त्यांनी कपाटाला कुलूप घातले ते पुस्तके वाचवण्यासाठी.

माझी खरी तक्रार निर्णयापेक्षा तो ज्या रीतीने झाला त्याबद्दल आहे. तक्रारदारांचे म्हणणे ऐकले, आमचे ऐकले नाही. बैठका घेणाऱ्या आम्हा कोणाला बोलावले नाही. समितीच्या किती सदस्यांनी पुस्तक वाचले, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. ग्रंथपालांना विश्वासात घेतले नाही आणि सूचनेवर सही त्यांच्याकडूनही घेतली. त्या बिचाऱ्यांना आता दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. आणि अभिप्रायाची वही ताब्यात घेणे मला सर्वांत जास्त लागले. पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे, मान्य. वही लोकांनी विश्वासाने लिहिली आहे, त्यांत घरच्या कर्जाच्या, मेलेल्या माणसांच्या, अपमानाच्या गोष्टी आहेत. ती कार्यालयात कोण चाळते आणि कोणाजवळ बोलते, याची धास्ती आता लोकांना वाटते आहे. पेन्सिलवाल्या आजोबांनी मला विचारले, ती पाने फाडून परत मिळतील का? त्यांना मी काय सांगू?

माझ्या मागण्या अशा आहेत.

'द ग्रेप्स ऑफ रॉथ'च्या सर्व प्रती दर्शनी रॅकवर परत ठेवाव्यात आणि नेहमीच्या नियमाने घरी नेऊ द्याव्यात. कोणाला आपल्या मुलांनी ते वाचू नये असे वाटत असेल तर त्यांनी आपल्या मुलांपुरते ठरवावे.

वही ताबडतोब ग्रंथपालांकडे द्यावी. ज्याला आपले पान काढून घ्यायचे असेल त्याला ते सन्मानाने द्यावे. उरलेली वही पूर्वीसारखी टेबलावर दोरीला बांधलेल्या पेनासह असावी. तक्रार करणाऱ्या सभासदांनीही त्याच वहीत लिहावे, हवे तर नाव न घालता. त्यांचे म्हणणे वाचायची माझी मनापासून इच्छा आहे.

राहिलेल्या दोन बैठका याच सभागृहात होऊ द्याव्यात. समितीच्या सदस्यांनी त्यांना यावे, पुस्तकावर काय टीका करायची ती करावी. शेवटाच्या बैठकीत आधी तक्रारदारांना बोलू देऊ, हे मी सगळ्यांच्या वतीने कबूल करते.

यापुढे कोणत्याही पुस्तकावर हरकत आली तर ती लेखी घ्यावी, ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनी पुस्तक पूर्ण वाचावे, ग्रंथपालांचे मत नोंदवावे, आणि निर्णय कारणांसह फलकावर लावावा. तोपर्यंत पुस्तक रॅकवरच राहावे. आपल्या ग्रंथालयाला सरकारी अनुदान मिळते, १९९३ चा ग्रंथालय कायदा राज्यात आहे; लोकांच्या पैशावर चालणाऱ्या जागेने एवढे करावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

शेवटची मागणी लहान आहे. चहाच्या हॉटेलवाल्या बाईंची प्रत विसाव्या प्रकरणाशी खूण घालून ठेवलेली होती. ती प्रत आहे तशी, खूण न काढता, त्यांना आधी द्या. बाकीचे सगळे ठरायला वेळ लागला तरी हे उद्या करता येईल.

चवथीपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिच्या आधी लेखी उत्तर मिळाले तर ते मी स्वतः वाचकांना वाचून दाखवीन. न मिळाल्यास हा विषय सभेत मांडण्यासाठी नियमाप्रमाणे अर्ज देत आहे. त्यावर आमच्या बैठकीतल्या सभासदांच्या सह्या आहेत, त्यांत पुस्तक न आवडलेल्यांच्याही आहेत.

आपली,
एक आजीव सभासद
डिचोली तालुका, गोवा